गारांवर ठेवलेला दगड

बायकोला आठवा महिना चालू असताना, ऐन पौषात, मी माझ्या घराचं सवणं स्वतःच्या हातानं बुजवलं.

सिमेंटच्या घरात जन्मलेल्या वाचकांसाठी सांगतो — सवणं म्हणजे छताला ठेवलेलं भोक. आमच्या मराठवाड्यातली जुनी घरं धाब्याची. वर लाकडं, लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, भिंती हत्तीच्या पायासारख्या आणि खिडक्या जवळजवळ नाहीतच. म्हणून छतात हातभर रुंदीचं भोक ठेवायचं. त्यातून उजेड आत येतो आणि चुलीचा धूर बाहेर जातो. पावसाची सर आली की वर जाऊन झाकायचं, सर गेली की उघडायचं. गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे कळतं. मला कळलं नाही, कारण मी हिंगोलीला राहून आलो होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावाबाहेरच्या एका चिंचेखाली हडळ बसते म्हणून लोक लांबून वळसा घालायचे. मी मात्र मुद्दाम तिथंच लघवीला बसायचो. त्या चिंचेखाली मुंग्यांचं वारूळ आहे, हे मला फार उशिरा आणि फार वाईट पद्धतीनं समजलं. लोकांनी मला बोंबलत पळताना पाहिलं आणि हडळीचा बोलबाला आणखी वाढला. एवढं होऊनही माझा विश्वास बसला नाही. तेव्हा पुढं जे लिहितोय ते भाबड्या माणसाचं लिहिणं समजू नका... मूर्ख माणसाचं समजलात तर चालेल.

काळ निजामाचा. रझाकारांची धामधूम सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. गाव शिरड शहापूर. औंढ्याच्या वाटेला लागताना गावाच्या अगदी कडेला आमचं सुटं घर होतं. सुटं अशासाठी की आमच्याकडं थोड्या शेतीच्या जोडीला मेंढ्या होत्या, आणि मेंढ्यांचा वास शेजाऱ्यांना सोसत नाही. घरात माणसं तीन — मी, बायको गिरजा आणि कौसाआत्या. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. माझे आईबाप गेल्यावर तिनंच मला वाढवलं. कसं वाढवलं ते पुढं दिसेलच, पण त्यात तिची चूक नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. गिरजाचं माहेर कुरुंद्याचं. पण तिची आई लग्नाआधीच वारलेली, घरात नुसते बाप आणि भाऊ. पुरुषांच्या घरात बाळंतपण कसं होणार? म्हणून ती आमच्याकडंच राहिली.

आता हिंगोलीचं. दोन हंगाम मी तिथं कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होतो. थंडीच्या दिवसांत मॅनेजरसाहेबाच्या खोलीत लोखंडी शेगडी असायची आणि तिच्यात लाकडी कोळसा. निखारे कसे, पिकलेल्या डाळिंबासारखे. धुराची रेघसुद्धा नाही! साहेब कोट घालून, पाय शेगडीकडं करून चहा प्यायचा. मी दारात उभा राहून ते बघायचो आणि मनात म्हणायचो, माणसानं जगावं तर असं. त्या खोलीचं दार बारा महिने सताड उघडं असायचं आणि मी त्याच उघड्या दारात उभा असायचो — पण दार काही माझ्या डोळ्यात भरलं नाही. शेगडी भरली.

आमच्या घरात चूल आतल्या खोलीतच. तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या. गिरजाला धुराचा लई त्रास. पोट वाढलं तसा खोकला वाढला. खोकताना दोन्ही हातांनी पोट धरायची, जसं काही ते गळून पडेल. एकदा मी म्हटलं, "धुरानं डोळे बघ कसे झालेत तुझे."

ती म्हणाली, "धूर बरा असतो. बाईमानूस रडलं तरी कोनी इचारत न्हाई."

हसत म्हणाली, पण मला ते लागलं. मी ठरवलं, गिरजाच्या डोळ्यातून धुरापायी पाणी येऊ द्यायचं नाही. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक सगळ्या घोडचुका अशाच चांगल्या इराद्यानं सुरू झालेल्या आहेत.

हिंगोलीच्या बाजारातून एक जुनी शेगडी आणली. गावच्या लोहाराकडून बाभळीच्या कोळशाचं पोतं उचललं. शेगडी पेटवून घराच्या मधोमध ठेवली आणि दोघींना बोलावलं.

आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "हे काय रं नामा?"

"शेगडी. बघ, धूर हाय का?"

"धूर न्हाई तर जळून काय राहिलं?"

"कोळसा."

"जळून तर राहिला. मंग धूर जातो कुठं?"

मी पोट धरून हसलो. पुढं आठवडाभर गावात ज्याला त्याला सांगत सुटलो — आमची आत्या इचारती, धूर जातो कुठं! लोकही हसले. एक म्हातारा तेवढा हसला नाही, पण तो बहिरा होता.

गिरजा खूश झाली. खोकला थांबला. भाकरी थापता थापता गाणं म्हणायला लागली. शेगडीपाशी बसून पोटावर हात फिरवायची आणि म्हणायची, "लेकरू बी ऊब खातंय बगा. कसं लोळून राहिलं." मग माझा हात ओढून पोटावर ठेवायची. आतून लाथ बसली की मी "अगं आई गं!" म्हणून उलटा पडायचं नाटक करायचो. रोज. ती रोज हसायची.

मग पौषात ढग आले. भुरभुर पाऊस, बोचरं वारं. सवण्यातून गार झोत थेट गिरजाच्या अंगावर यायचा. तेव्हा माझ्या डोक्यात विचार आला — सवणं कशासाठी? धूर जायला. आता धूर आहे का? नाही. मग भोक कशाला? शेजारच्या एका गड्याला हाताशी धरून मी धाब्यावर चढलो. सवण्यावर मोठी पितळी परात पालथी घातली. परातीवर मोडक्या जात्याची खालची तळी ठेवली — हा दगड दोघांनी उचलायचा, एकट्यादुकट्याचं काम नाही. आणि कडेनं पांढऱ्या मातीचा चिखल लिंपला. इतकं झकास काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

खोली उबदार झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून गिरजाचं डोकं दुखायला लागलं.

सकाळी उठली की चक्कर यायची, मळमळायचं, उलटी व्हायची. आत्या म्हणाली, असतंय, काहींना शेवटपर्यंत असतंय. गंमत अशी की गिरजा पाण्याला ओढ्यावर गेली, शेतात जाऊन बसली की घटकाभरात बरं वाटायचं. घरी आली की पुन्हा तेच. मी म्हटलं, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" डोकं माझंही दुखायचं. मी समजलो की हिशोबी माणसाचं दुखतंच. आत्या ओसरीवर झोपायची, तिला काही नव्हतं. आमचं मांजर घर सोडून गेलं. मी म्हटलं, मांजराची जात बेइमान.

मग एके दिवशी भरदुपारी गिरजा मला म्हणाली, "आवं, त्या कोपऱ्यात कोन बसलंय?"

कोपऱ्यात ज्वारीची कणगी होती. मी म्हटलं, "कणगी बसली."

"न्हाई. तिच्या पल्याड. बाई हाय. पाठमोरी."

आत्यानं ते ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. तिनं लिंबू उतरवलं, भाकरीचा तुकडा ओवाळून तिठ्यावर टाकून आली. मग माझ्यापुढं उभी राहिली. "नामा, सवणं उघड."

"काहून?"

"घरात काहीतरी कोंडलंय. त्याला जायाला वाट दे. घराचं नाक बुजवलंस तू."

"घराला नाक असतं व्हय? मंग शेंबूड बी येत असंल."

आत्या वर सवण्याकडं बघत राहिली. गिरजा मात्र म्हणाली, "उघडा ना. मला बी कोंदल्यावानी व्हतंय."

"वारं लागंल तुला. लेकराला बाधंल."

"घटकाभर तरी उघडा."

मी सांगितलं, असल्या भाकडकथांपायी मी गरोदर बाईला गारठ्यात ठेवणार नाही. हा शब्द मी हिंगोलीत शिकलो होतो — भाकडकथा. दोघींना त्याचा अर्थ कळला नाही, त्यामुळं त्या गप्प बसल्या आणि मला वाटलं, आपण जिंकलो.

त्यानंतर दोन दिवसांनी गारा पडल्या.

दुपारची वेळ. माघातल्या एका लग्नासाठी आत्या गावातल्या लग्नघरी डाळी दळायला गेली होती. आभाळ शाईसारखं झालं. मेंढ्या लांब माळावर होत्या आणि राखायला असलेला गडी एकटा. मी निघालो. गिरजा बाजेवर पडून होती, डोकं जड झालं म्हणत होती. मी शेगडी काठोकाठ भरली. तिच्या अंगावर घोंगडं घातलं. दार ओढून घेतलं, वाऱ्यानं आपटू नये म्हणून बाहेरून कडी लावली आणि दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं. आतून ती म्हणाली, "लौकर या."

मी म्हटलं, "आलोच."

माळावर पोहोचेपर्यंत गारा सुरू झाल्या. सुपारीएवढ्या. आम्ही दोघं गडी डोक्यावर घोंगड्या धरून मेंढ्यांमध्ये बसलो. गारा थांबल्यावर मेंढ्या हाकत घरी आलो. सगळीकडं पांढरं झालेलं. असं दृश्य आमच्या मुलखात क्वचित दिसतं, त्यामुळं गिरजाला दाखवावं म्हणून मी मूठभर गारा उचलून घेतल्या.

दाराची कडी तशीच होती. पोतं तसंच होतं. दार उघडलं — आणि आत उजेड होता.

सवण्यातून सरळ खाली उजेडाचा खांब उतरलेला, आणि त्या उजेडात गिरजा. बाजेवरून खाली येऊन, जमिनीवर उताणी, तोंड बरोबर सवण्याखाली. डोळे अर्धे उघडे. गाल लालभडक. अंगावर पावसाचे थेंब पडत होते.

आता मी काय केलं ते ऐका. बायकोला उचललं? नाही. मी ओरडलो, "सवणं कोनी उघडलं?" आणि तणतणत बाहेर गेलो, गोठ्यातून शिडी आणली — शिडीवर एक कोंबडी बसली होती, तिला हाकललं — शिडी लावली आणि ते पुन्हा झाकायला वर चढलो. कारण तिला वारं लागत होतं ना! तिचा चेहरा लाल दिसला म्हणून मला वाटलं, तब्येत उत्तम आहे.

शिडीच्या शेवटच्या पायरीवर मी थांबलो.

धाबं पांढरं होतं. गारांचा अखंड थर. सवण्यापासून तीन-चार हातांवर जात्याची तळी ठेवलेली. फेकलेली, सरकवलेली नाही — ठेवलेली. आणि ती गारांच्या वर होती. तिच्याखाली गारा चेपलेल्या दिसत होत्या. म्हणजे गारा पडून गेल्यावर कोणीतरी दगड उचलून तिथं ठेवला होता. परात कठड्याला टेकवून उभी केलेली, बायका घासलेली भांडी निथळायला ठेवतात तशी. आणि त्या सबंध धाब्यावर एकही पाऊल नव्हतं. माणसाचं नाही, वानराचं नाही, कावळ्याचंसुद्धा नाही. ओली पांढरी माती अशी असते की मांजर चाललं तरी ठसा उमटतो, आणि वर गारांचा थर. कुठं एक गार फुटलेली नव्हती.

खालून गिरजाच्या ओकण्याचा आवाज आला, तेव्हा भानावर आलो. सवणं झाकायचं राहिलं ते तिच्या ओकण्यामुळं. नाहीतर दगड बघत बघत मी तो परत जागेवर ठेवला असता, इतका मी कामाचा माणूस.

गड्याच्या मदतीनं तिला ओसरीवर आणलं. आत्या धावत आली. मी तिच्यावरच खेकसलो, "तूच उघडलंस ना?" आत्या म्हणाली, "म्या? ह्या गुडघ्यांनी? अन् ती तळी?" लग्नघरच्या सगळ्या बायका साक्षीला होत्या, ती जात्यावरून उठलीच नव्हती.

मोकळ्या वाऱ्यात गिरजाला हळूहळू शुद्ध आली. पाणी प्याली. दिवेलागणीपर्यंत उठून बसली, भाकरीचा तुकडा खाल्ला. गावातल्या बायाबापड्या येऊन बघून गेल्या. "देवानं वाचवलं गं माय," सगळ्या म्हणाल्या. मी इतका हलका झालो होतो की येईल त्याला गारांची गोष्ट रंगवून सांगत होतो. लोक हसत होते.

गिरजा हसत नव्हती. पोटावर हात ठेवून बसली होती.

"सवणं कोनी उघडलं, तुला दिसलं का?" मी विचारलं.

"वरून कोनीतरी डोकावलं. बाई व्हती. तोंड न्हाई दिसलं, उजेड मागून येत व्हता." ती थांबून थांबून बोलत होती. "म्हनाली, उठता येत न्हाई तर सरक. सरक, अन् तोंड वर कर. म्या सरकले."

"कोपऱ्यातलीच का ती?"

"काय ठावं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आवं... हालत न्हाई."

"काय हालत न्हाई?"

"लेकरू."

मी म्हटलं, "झोपलं असंल. दिवसभर दमलं."

माझा हात तिनं ओढून पोटावर ठेवला नाही. मीच ठेवला. लाथ बसली नाही. तरी मी "अगं आई गं" म्हणून उलटा पडलो. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

सकाळी सुईण आली, सकूमाय. तिनं पोटाला कान लावला. एका बाजूनं लावला, दुसऱ्या बाजूनं लावला. मला म्हणाली, "नामा, बाहीर जाय जरा." पुरुष माणूस बाहेर गेलं की घरात काय बोलतात ते बाहेर ऐकू येतंच. पण आत कोणीच काही बोललं नाही. तेव्हा मला कळलं.

त्याच दिवशी कळा सुरू झाल्या. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली.

आत्या तिला कापडात घेऊन ओसरीवर आली. मी बघितलं आणि ओरडलोच, "अगं ही तर जित्ती हाय!" कारण ती गुलाबी होती. मेलेलं लेकरू निळं-काळं असतं एवढं मला माहीत होतं. ही तर नुकती न्हाऊ घातल्यासारखी. ओठ लाल, गाल लाल, बोटांची नखंसुद्धा लाल. नाक गिरजाचं. केस कपाळावर चिकटलेले.

"दे इकडं. गारठली असंल."

"नामा..."

"दे म्हनतो ना!"

मी तिला घोंगडीत, छातीशी घेतलं आणि ओसरीवर येरझारा घालायला लागलो. पाठ चोळली, तळवे चोळले. सकूमायला म्हणालो, तोंडात फुंकर घाल. तिनं माझ्या समाधानासाठी घातली. मग मी पोरीशी बोलायला लागलो. मला दुसरं काही येत नाही, गोष्टी सांगता येतात. मी तिला चिंचेखालच्या वारुळाची गोष्ट सांगितली, कारण ती ऐकून लहान पोरं हमखास हसतात. हातवारे करून सांगितली. ओसरीवर चार माणसं बसली होती, कोणी मला थांबवलं नाही. गोष्ट संपली तेव्हा आत्या पुढं झाली आणि माझ्या हातातून तिला काढून घेतलं. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. माझ्या डोक्यावरून तिनं हात फिरवला, मी लहान असताना फिरवायची तसा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेताच्या बांधावर, बाभळीपाशी मी खड्डा खणला. जमीन ओली होती, खणायला काही त्रास झाला नाही.

गिरजा उठली, हिंडूफिरू लागली, पण पुढं कितीतरी महिने ती पहिल्यासारखी नव्हती. भाजीत मीठ दोनदा घालायची. घागर घेऊन निघायची आणि वाटेत थांबायची — कुठं निघालो तेच आठवायचं नाही. कळशीला काय म्हणतात हे एकदा तिला सुचेना. बोटानं दाखवत राहिली आणि रडली. गावानं नावं ठेवली, बाधा झाली म्हणाले. मी शेगडी ओढ्याच्या डोहात नेऊन टाकली.

आणि मी दगडाच्या मागं लागलो.

गावात घरोघर विचारलं. त्या दिवशी आमच्या धाब्याकडं कोणाचं लक्ष होतं का? कोणाचंच नाही, गारांत कोण बाहेर असणार. वानरं असतील, असं एक जण म्हणाला. दोन माणसांचा दगड वानर उचलून हळूच ठेवेल आणि परात निथळायला लावेल? वाऱ्यानं झालं म्हणावं, तर त्या वाऱ्यानं आधी घर उडवलं असतं. आतून गिरजानं बांबूनं ढकललं म्हणावं, तर आमचा एकुलता बांबू बाहेर गोठ्यात होता, आणि ढकललेला दगड तीन हात लांब जाऊन अलगद बसत नाही. माझ्याबरोबरच्या गड्यानंही मागून वर चढून तो गारांवरचा दगड पाहिला होता. पुढं दारूच्या दुकानात तो शपथा घ्यायचा. मी दारू पीत नव्हतो, तरी त्याच्या शपथा ऐकायला जाऊन बसायचो. आत्याचं म्हणणं एकच होतं — गिरजाची आई आली होती, कुरुंद्याहून. लेकीचं बाळंतपण करायला आली होती.

"मंग लेकराला काहून न्हाई वाचवलं?" मी विचारायचो.

आत्या म्हणायची, "पोचेस्तवर उशीर झाला असंल. लांब हाय ना."

काही वर्षांनी आत्या वारली. आम्हाला पुढं दोन मुलगे झाले, सुखरूप. धाकट्या सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी वसमतहून एक डॉक्टर यायचे. भला माणूस. एकदा थंडीत सुनेच्या खोलीत कोणीतरी निखाऱ्याचं घमेलं ठेवलेलं त्यांनी पाहिलं आणि ओरडले, "आधी बाहेर काढा ते! दार उघडा!" मी त्यांना ओसरीवर बसवून ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चहा थंड होऊ दिला.

मग त्यांनी समजावलं. कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की एक गॅस होतो. रंग नाही, वास नाही, धूर नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. डोकं दुखणं, उलट्या, चक्कर, सगळं त्याचंच. भलतंसलतं दिसतं, ऐकू येतं, तेही त्याचंच. गरोदर बाईचं दुखणं लोक गरोदरपणावर घालतात आणि तिथंच फसतात. मोकळ्या हवेत आलं की आईच्या रक्तातून तो उतरायला लागतो. पण पोटातल्या लेकराच्या रक्तात तो जास्त साठतो आणि उतरायला फार वेळ लावतो. आई उठून बसते, भाकरी खाते... आणि तोवर आत सगळं संपलेलं असतं. त्या गॅसनं गेलेल्या माणसाचा रंग लालच दिसतो. गिरजाचा विसराळूपणाही त्यातलाच.

म्हणजे धूर जातो कुठं, ते मला अखेर कळलं.

"अन् दगड?" मी विचारलं.

डॉक्टरांनी छताकडं बघितलं. नवीन घराला सवणं नव्हतं, खिडक्या होत्या. "सवणं उघडलं नसतं तर बाईसुद्धा राहिल्या नसत्या, एवढं नक्की," ते म्हणाले. "दगडाचं मला नाही सांगता येणार."

मलाही नाही सांगता येत. गॅसनं गिरजाला बाई दिसली असेल, पण मी तर मोकळ्या माळावरून, चांगल्या हवेतून आलो होतो. मी जे पाहिलं ते गारांवर ठेवलेलं पाहिलं. तो दगड अजून आमच्या परसात आहे. सुना त्याच्यावर कपडे धुतात. ज्याला उत्तर सुचेल त्यानं जरूर कळवावं. माझं वय झालंय, पण कान शाबूत आहेत.

हे लिहून झाल्यावर काल दुपारी मी गिरजाला वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत बसली होती. कुठं हसली नाही, कुठं रडली नाही, हात तेवढे मध्येच थांबायचे. संपल्यावर मी विचारलं, "बराबर लिवलं का?"

"बराबर हाय. एक राहिलं."

"काय राहिलं?"

सुपातली ज्वारी तिनं एकदा पाखडली आणि म्हणाली, "सारी उमर तुमी गावाला दगडाचं इचारून राहिले. म्या पोरीचं नाव काय ठेवलं व्हतं, हे एक डाव तरी इचारलं काय मला?"